कडकनानांची सही

लाँड्रीवाले कडकनाना वारले, आणि वारल्यानंतर चांगले काही आठवडे उलटल्यावर त्यांनी आपल्या मृत्युपत्रावर सही केली, अशी बातमी एकदा गल्लीत फिरली. सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, मग आवाज खाली आणायचा आणि ऐकणाऱ्याचा दंड धरून म्हणायचा, "सही अगदी त्यांचीच. आणि कागद हातात घेतला तर बर्फासारखा गार." पुढे पुढे कागदातून वाफ निघाली, वकिलाच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले, असंही त्यात जोडलं गेलं. वकिलाला संपूर्ण टक्कल होतं. पण अफवेला असल्या अडचणी कधी येत नाहीत.

कडकनाना हे नाव त्यांना लोकांनी दिलं, आणि ते दोन्ही अंगांनी बसलं. एक म्हणजे त्यांच्याकडची कॉलर. ती घातलेल्या माणसाला मान खाली घालताच यायची नाही. घरी बायकोपुढे उभं राहायचं तर शर्ट नानांकडचा हवा, असं गल्लीतले नवरे आपापसात म्हणत. दुसरं म्हणजे स्वभाव. एखाद्या गिऱ्हाइकाने "उद्या मिळतील का कपडे?" असं विचारलं, की नाना चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. "उद्या लग्न आहे तुमचं? नाही ना? मग परवा या."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गुळगुळीत झालेलं लाकडी काउंटर, त्यामागे खुंट्यांवर टांगलेले कोट, आणि सगळ्यांत आत इस्त्रीचं टेबल. त्यावर घोंगडीच्या घड्या आणि घोंगडीवर जुन्या इस्त्र्यांचे तपकिरी डाग. कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना होता आणि वर नानांची खोली. खालची वाफ जिन्याने वर चढायची, त्यामुळे नानांना थंडीत शेगडी लागली नाही आणि उन्हाळ्यात झोप लागली नाही.

नाना कंजूष होते, पण पैशापेक्षा वस्तूंच्या बाबतीत. पार्सलाचा सुटलेला दोरा ते बोटांवर गुंडाळून ठेवत. आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरत. न्यायला कुणी न आलेले कोट तर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले, हवा बदलली की बाहेर काढून झटकले. एकदा एका कोटाचा मालकच वारला, तेव्हा नाना अंत्ययात्रेला गेले, विधवेपुढे हात जोडून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, फार वाईट झालं. सवडीने कोट घेऊन जा."

बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी. ती शिकली, शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन नदीपलीकडे राहायला गेली. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. दर रविवारी ती बापाला भेटायला यायची, वर बसायची, चहा करून द्यायची आणि दुकानातून जाता-येता नाकाला रुमाल लावायची. नाना ते बघत. तिच्या पर्समध्ये मुलांकडून जप्त केलेली पेनं असत. फुकटचं पेन दिसलं की नानांच्या डोळ्यांत चमक यायची. "हे चालू आहे का?" एवढंच विचारून ते खिशाला लावत.

दुकानात त्यांच्यासोबत असायची इस्त्रीताई. ती मुळात भांडायला आली होती. नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीवर इस्त्रीच्या दोन-दोन घड्या पडल्या म्हणून तिने काउंटरवर शर्ट आपटला. नाना म्हणाले, "जमतं तर तूच कर." ती काउंटरला वळसा घालून आत गेली, इस्त्री उचलली आणि बाही करून दाखवली. नानांनी शर्ट उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये." त्यानंतर तिचा नवरा गेला, तिचे केस पांढरे झाले, तरी ती येतच राहिली. या दोघांत काहीतरी आहे, असं गल्लीचं ठाम मत होतं. आणि होतंच. सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत दोघांत भांडण होतं.

नानांना धाप लागायला लागली, डॉक्टरांनी वाफेपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र केलं. साक्षीदार दोन, शेजारचा शिंपी आणि समोरचा औषधवाला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना बघायची असते. पण शिंप्याचा जन्म कापड उलटं करून बघण्यात गेलेला. त्याने टेबलापलीकडून सगळा मजकूर उलटा वाचला आणि दुपारपर्यंत तो गल्लीत पोचता केला.

वरची खोली आणि आईचं शिवणयंत्र मुलीला. विसरलेले कोट शिंप्याला, कारण मालक परत आलेच तर मापं त्याच्याकडे सापडतील. दुकानापुढचं बाकडं औषधवाल्याला, कारण आपलं दुकान सोडून तो तिथेच बसलेला असतो. भिंतीवरचा मोठा आरसा जावयाला, त्याने रोज बघावा म्हणून. आणि दुकान, इस्त्र्या, टेबल आणि गिऱ्हाइकांची कटकट इस्त्रीताईला.

मास्तरीणबाईच्या कानावर हे गेलं. घरी जाऊन तिने एकाच दमात सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. तिला दुकान नको होतं. पण आपल्याला नको असलेली वस्तू बापाने परक्या बाईला द्यावी, हे गिळायला तिला जड गेलं. तिने त्यानंतरही रविवार चुकवला नाही. फक्त इस्त्रीताईशी बोलणं टाकलं.

नानांनी तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि कोट अंगावर. एखाद्या शर्टाला जास्त आच लागली की ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "थांब, बदलून टाकतो." इस्त्रीताई वर न बघता म्हणायची, "बदला. पण आधी तो कागद इकडे द्या. कोबीचं पान झालंय त्याचं." एका दुपारी ती असंच काहीतरी म्हणाली आणि उत्तर आलं नाही. नाना खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, मांडीवर अर्धा गुंडाळलेला दोरा होता.

सगळे सोपस्कार झाल्यावर वकिलाने मंडळींना बोलावलं. मास्तरीणबाई, जावई, दोन्ही साक्षीदार आणि नानांच्या खिशातला कागद घेऊन इस्त्रीताई. वकिलाने कागद उघडला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. छापलेला मजकूर ठीक होता. शिंप्याची सही होती, औषधवाल्याची होती. त्यांच्या वर, जिथे नानांची असायला हवी, तिथे कोरी पांढरी जागा होती.

"सही कुठाय?" वकिलाने विचारलं.

शिंपी म्हणाला, आम्ही डोळ्यांनी बघितली. औषधवाला म्हणाला, मी तर शाई वाळायला फुंकरसुद्धा मारली. वकील म्हणाला, मग काय पळून गेली का? तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कागद फळ्यासारखा सपाट आहे, एकही घडी नाही. त्याने तसं विचारल्यावर इस्त्रीताई पुढे आली.

"मी इस्त्री केली. नाना आयुष्यात चुरगळलेल्या कॉलरने बाहेर पडले नाहीत, त्यांचा कागद तसा कसा द्यायचा? रेशमाच्या आचेवर केली, जराही जास्त नाही. आणि सही माझ्यासमोर गेली, साहेब. इस्त्री पुढे गेली आणि मागे काही उरलंच नाही."

जावई हसला. वकील हसला नाही, पण त्याने चष्मा काढून पुसला, ते हसण्यासारखंच होतं. तो म्हणाला, बिनसहीचं मृत्युपत्र म्हणजे रद्दी. साक्षीदारांच्या जोरावर कोर्टात लढता येईल, पण निकाल लागेपर्यंत या खोलीतल्या निम्म्या लोकांची मृत्युपत्रं उघडावी लागतील. मृत्युपत्र नाही असं धरलं, तर सगळं एकट्या मुलीचं. वर, खाली, आरशासकट.

मास्तरीणबाईने शिंप्याला एकच गोष्ट विचारली. नानांनी कोणतं पेन वापरलं?

"निळं. शेपटीला रबर होतं बघा," शिंपी म्हणाला. "मी मागितलं तर म्हणाले, साक्षीदाराने आपलं पेन आणावं. मग आम्ही दोघांनी औषधवाल्याच्या बॉलपेनने उरकलं."

त्या क्षणी तिला सगळं कळलं. शेपटीला रबर असलेली ती पेनं तिच्या शाळेत बंद होती, कारण त्यांची शाई खोडता येते आणि रबराच्या घर्षणाच्या उष्णतेने ती जाते. मागच्या परीक्षेत एका सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उन्हात मोटारीत ठेवला, तर त्यातले काही पेपर कोरे निघाले. मुलं नापास व्हायची वेळ आली. मग विज्ञानाच्या सरांनी ते पेपर उपाहारगृहातल्या फ्रीझरमध्ये ठेवले आणि अक्षरं परत आली, सगळ्या चुकांसकट. नानांच्या खिशाला लावलेलं ते निळं पेन तिनेच एका मुलाकडून जप्त करून आणलं होतं.

ती एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं. ती बोलली नाही. वकिलाने रद्दी आठवण म्हणून तिच्या हातात दिली, तिने ती पर्समध्ये ठेवली आणि नवऱ्याबरोबर वकिलाचा जिना उतरली.

गल्लीचा निकाल त्याच दिवशी लागला. नानांनी सही केलीच नसणार. दोरा जपणारा माणूस, शाई कशाला खर्च करेल? इस्त्रीताईकडे लोक दयेने बघू लागले, आणि दया करणाऱ्यांच्या जिभा दुप्पट चालतात. आपल्याच हाताने आपल्याच नशिबावर इस्त्री फिरवली, असं म्हणताना त्यांना फार वाईट वाटायचं, म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

इकडे जावई कामाला लागला. आयत्या बिळावर नागोबा कसं व्हायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. मोबाइल दुरुस्तीवाला एकजण दुकान बघायला येणार, असं त्याने जेवताना सांगितलं. टेबल काढायचं, भिंतींना फळ्या मारायच्या, शटर निळं करायचं. निळं म्हटल्यावर मास्तरीणबाईला ठसका लागला.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात गेली. वरकरणी किल्ली घ्यायला. इस्त्रीताईने नवीन कपडे घेणं बंद केलं होतं. आलेले तेवढे पूर्ण करून परत द्यायचे, कुणाचा एक रुमालसुद्धा मागे ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. बाईंना बघून तिने किल्ली काउंटरवर ठेवली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

मास्तरीणबाईने किल्ली उचलली नाही. तिने विचारलं, "नानांनी तुम्हाला दुकान का दिलं, ताई?"

"मी मागितलं म्हणून."

"मागितलं?"

"सरळ मागितलं. म्हटलं, नाना, तुम्ही गेल्यावर मी कुठे जाऊ? या वयात दुसऱ्याच्या टेबलावर उभी राहणार नाही. दुकान मला द्या." इस्त्रीताईने बाही उलटवली. "ते म्हणाले, आधी पोरीला विचारायला हवं. मग स्वतःच म्हणाले, विचारलं होतं. लहानपणी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, मला इथे मळमळतं."

मास्तरीणबाईला ते आठवलं. तिला नवी वेणी घातलेली होती, नानांनी तिला काउंटरवर बसवलं होतं, आणि तिने खरंच तसं म्हटलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, नाना हसले. ते हसले होते की नाही, हे आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"मी लहान होते," ती म्हणाली.

"मग आता हवंय का तुम्हाला?"

"दुकान? नको."

"मग रडताय कशाला? नको असलेलं कुणी दिलं नाही म्हणून?" इस्त्रीताईने इस्त्री उभी केली. "बाई, राग मानू नका. दर रविवारी तुम्ही जिना चढलात की नाना मला म्हणायचे, आवाज कमी कर, पोरगी आलीय. आठवडाभर माझ्यावर ओरडणारा माणूस. मी म्हटलं, माझ्याशी कधी असं हळू बोलाल का? तर म्हणाले, तू काय माझी मुलगी आहेस?"

मास्तरीणबाईला हसू आलं, आणि हसताना डोळे पुसायला तिने जो रुमाल काढला तो नेहमी नाकाला लावायचा होता. किल्ली तिने तशीच काउंटरवर ठेवली, इस्त्रीताईला म्हणाली, नवीन कपडे घ्यायला लागा, आणि बाहेर पडली. बाकड्यावर बसलेल्या औषधवाल्याने हे सगळं बघितलं, पण अर्थ लावता न आल्यामुळे त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

घरी जाऊन तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि फ्रीझरमध्ये मटारांखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई सरबताला बर्फ घ्यायला गेला.

"अगं, हे मटारांखाली काय आहे?"

"नाना आहेत," ती म्हणाली.

मग तिने त्याला पेनाचं सांगितलं, शाळेतलं सांगितलं आणि वकिलाकडे आपण गप्प बसलो तेही सांगितलं. जावयाने खुर्ची ओढली. आपल्याच पायावर असा धोंडा कोण मारून घेतं, असं त्याने विचारलं. हातचं दुकान जाईल.

"हातात कधी होतं? कागद वाचलाय की तुम्ही."

तिने पिशवी काढली. वर धरलेल्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या डोक्यावर, आधी एक लांब शेपूट दिसलं, मग त्याखालच्या दोन रेघा. नाना सहीखाली नेहमी दोन रेघा मारायचे, बाहीला इस्त्री फिरवल्यासारख्या सरळ. तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर त्या होत्या. पुस्तकात गुण कितीही कमी असोत, रेघा तेवढ्याच जोरात मारलेल्या असायच्या. ती बघत राहिली. जावईही बघत राहिला.

"आरसा मात्र चांगला आहे हां तो," तो म्हणाला. "जाड काच आहे. आता मिळत नाही तशी."

मोबाइलवाल्याला त्याने स्वतःच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

सोमवारी तीच मंडळी पुन्हा वकिलाकडे जमली. मास्तरीणबाईने कागद घरून निघेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवला होता आणि वाटेत बर्फाच्या डब्यातून आणला होता. सही पुन्हा उडाली तर, ही धास्ती. सही बघून शिंप्याने कागद हातात घेतला, बोटं भाजल्यासारखा खाली टाकला आणि खुर्चीवर मागे सरकला. "गार आहे," एवढंच तो म्हणाला. त्याच वेळी कुणाची तरी पँट द्यायची राहिल्याची त्याला आठवण झाली आणि तो निघून गेला. पेनाचं सगळं स्पष्टीकरण तो गेल्यावर झालं, आणि गल्लीत बातमी पोचली ती अर्थातच त्याच्याबरोबर, स्पष्टीकरणाशिवाय.

वकिलाने औषधवाल्याचं म्हणणं लिहून घेतलं, शिंप्याचं नंतर घेतलं. मास्तरीणबाईने आपली काही हरकत नसल्याचं लिहून दिलं. हे सगळं चालू असताना वकिलाचा कारकून, भला माणूस, कागद उचलून म्हणाला, असा नाजूक कागद उघडा नको, खालच्या दुकानात गरम मशिनातून प्लास्टिक चढवून आणतो. त्यावर दोन बायका एकाच वेळी "ठेवा तो" असं इतक्या जोरात ओरडल्या, की कारकुनाने कागद, पाण्याचा पेला आणि नंतर काही दिवस आपलं मतही खाली ठेवलं.

इस्त्रीताई पायऱ्या उतरताना थांबली. तिने विचारलं, "बाई, त्या दिवशी का नाही बोललात?"

"राग आला होता."

"किती?"

"एक दुकानभर."

इस्त्रीताईने मान हलवली. हे तिला पटलं. तिनेही एका बाहीसाठी काउंटरवर शर्ट आपटला होता.

दुकान चालू राहिलं. उलट गर्दी वाढली. मेलेला माणूस जिथे सही करायला येतो ते दुकान बघायला लांबून लांबून लोक कपडे घेऊन यायला लागले, आणि एकदा आत आलं की शर्ट टाकल्याशिवाय इस्त्रीताई कुणाला सोडत नसे. "उद्या मिळेल का?" असं कुणी विचारलं तर ती चष्म्यावरून बघायची. चष्मा तिचा स्वतःचा होता, नजर मात्र वारशाने आलेली. शिंप्याने विसरलेले कोट उसवून नव्याने शिवले आणि थंडीच्या सुरुवातीला रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना वाटले. मापं कुणालाच नीट बसली नाहीत, पण तक्रार आली नाही. औषधवाला बाकड्यावर आता हक्काने बसतो.

मास्तरीणबाईने वरच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. मुलं संध्याकाळी दुकानातून आत येतात, जिना धडाधडा चढतात आणि वाफेने गाल लाल करून घेतात. पहिल्या दिवशी ती दाराशी अडखळली, तेव्हा इस्त्रीताई म्हणाली, "नाक मुरडायचं असेल तर वर जाऊन मुरडा. इथे गिऱ्हाईक बघतं." बाई काउंटरपाशी थांबली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि त्या दिवशीची पार्सलं बांधून द्यायला लागली. गाठ तिला नीट जमली नाही. इस्त्रीताईने ती सोडली आणि पुन्हा बांधायला लावली.

अफवा अजून फिरते. विचारणाऱ्याला शिंपी आजही शपथेवर सांगतो. त्यातलं खरं एवढंच, की नानांनी सही जिवंतपणी, साक्षीदारांसमोर, वकिलाच्या टेबलावर केली होती. पेनाची शाई उष्णतेने जाणारी आणि गारठ्याने परत येणारी होती. आणि कागद गार लागला, कारण तो फ्रीझरमध्ये होता.